‘वजन नॉर्मल’ हा तब्येतीचा निकाल नव्हे

घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, ही तरतूद भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात आली. तळोजा एमआयडीसीसारख्या रासायनिक वसाहतीत ही तपासणी आता कामगारांच्या अंगवळणी पडली आहे. बूट काढायचे, काट्यावर उभं राहायचं, भिंतीला टेकून उंची द्यायची. या दोन आकड्यांतून तिसरा निघतो, बीएमआय. तो १८.५ ते २४.९च्या मध्ये पडला की कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. कामगार घरी जाऊन सांगतो, वजन बरोबर आहे. घरचे निश्चिंत होतात.

ही निश्चिंती खोटी आहे आणि ती मोडायला हवी. ‘वजन आटोक्यात, तर तब्येत ठीक’ हे वाक्य कंपनीचा एचआर म्हणतो, विम्याचा एजंट म्हणतो, लग्नघरातली मावशी म्हणते. दवाखान्यातही ते ऐकू येतं. जगात कुठेही ते अपुरंच आहे. पनवेल-पुण्याकडच्या माणसाच्या बाबतीत मात्र ते अपुरं राहत नाही, थेट फसवं होतं. आणि याचा पुरावा परदेशातून आणावा लागत नाही.

तळोज्याहून एक्स्प्रेसवेनं दोन-अडीच तासांवर पुण्याचं केईएम रुग्णालय आहे. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन यडकिन या दोघांनी जानेवारी २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच एक छायाचित्र छापलं. दोघे शेजारी उभे, दोघेही सडपातळ, दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. कुठल्याही तपासणीत दोघांनाही ‘नॉर्मल’चा शिक्का मिळाला असता. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा यडकिन यांचं ९.१ टक्के निघालं आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. हाच फरक ६५ किलोच्या दोन माणसांना लावून पाहिला, तर तो जवळपास ८ किलो चरबीचा होतो. आठ किलो चरबी जास्त, म्हणजे तेवढेच किलो स्नायू, हाडं आणि बाकीचं शरीर कमी. काट्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वाजवी आहे. यडकिन मॅरेथॉन धावणारे, याज्ञिक यांचा व्यायाम जेमतेम. हे त्या लेखातच मोकळेपणानं नोंदवलेलं आहे. मग फरक व्यायामाचा झाला, त्यात भारतीय शरीराचा संबंध काय?

या आक्षेपाचं उत्तर नवजात बाळांनी दिलेलं आहे. केईएमच्या संशोधन केंद्रानं १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची नोंद ठेवायची, मग बाळांची, मग ती बाळं मोठी होतील तशी पुढे. शेतात राबणाऱ्या या बायकांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पुण्याकडची बाळं जवळपास सगळ्याच मापांत लहान होती. दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत पकडून मोजलेली त्वचेखालची चरबी मात्र गोऱ्या बाळांच्या जवळपास पोचलेली होती. २००९ साली पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांची एमआरआयनं तुलना झाली, तेव्हा पुण्याच्या बाळांच्या पोटात चरबी अधिक दिसली. या बाळांनी कुठलीही मॅरेथॉन चुकवली नव्हती. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं मिळालं तेव्हा शरीरानं मेंदू आणि चरबी राखली, स्नायूंवर काटकसर केली. वरून कृश, आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण घेऊनच ती जन्माला आली.

पुढे ही मुलं अठरा वर्षांची झाली, सहाशेहून अधिक जणांची ग्लुकोज चाचणी झाली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची रक्तातली साखर नॉर्मलच्या पलीकडे, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. आणि चाचणी झालेल्या या सगळ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा बीएमआय १८.५च्या खाली! खेड्यात वाढलेली, अंगावर मांस नसलेली, कुणीही ‘जरा खात जा रे’ म्हणावं अशी ही मुलं. वजनाच्या कोष्टकानुसार त्यांचा धोका कमीत कमी असायला हवा होता.

डेअरीवर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. तिथे लिटर मोजतात, पण भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे चरबी आणि चरबीखेरीजच्या घन भागावर. वीस लिटर म्हणजे वीस लिटर, आत काय आहे ते बघू नका, असं कुणी म्हणालं तर डेअरी चालणार नाही. माणसाच्या शरीराबाबत मात्र हाच व्यवहार बिनदिक्कत चालतो.

आता तळोज्याकडे पाहू. तळोजे पाचनंद, पेंधर, घोट, नावडे, रोहिंजण, तोंडरे या गावांतली जुनी आगरी-कोळी पिढी भातशेतीवर आणि खाडीवर जगली. चिखलात वाकून लावणी, बांधबंदिस्ती, डोक्यावर भारे, खळ्यावर झोडणी. हे सगळं मांडी, पाठ आणि खांद्याचं काम. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहू लागली, कारखाने आले, जमिनी गेल्या. पुढच्या पिढीच्या वाट्याला खोल्यांचं भाडं आलं, टेम्पो-डंपरचा धंदा आला, कंपनीतली पाळी आली. सिडकोच्या इमारतींत राहायला आलेला नोकरदार नोव्हेंबर २०२३पासून पेंधरला मेट्रोत बसतो, बेलापूरला उतरतो, दिवसभर खुर्चीत आणि परत मेट्रोत. ताटातला भात आणि तांदळाची भाकरी तीच राहिली, ती पचवणारं काम गेलं.

अशा माणसाचं वजन वाढलंच पाहिजे असं नाही. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झडतात आणि बसून राहणाऱ्याचे जास्त झडतात. मांड्या उतरत गेल्या आणि पोट तेवढंच सुटत गेलं, तर काट्यावरचा आकडा वीस वर्षं जागचा हलणार नाही. ‘कॉलेजात होतं तेवढंच वजन आहे अजून,’ असं पंचेचाळिशीतला माणूस कौतुकानं सांगतो, तेव्हा त्याच्या कमरेचं माप विचारावं. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचं तर याहून वाईट होतं. पाळी थांबण्याच्या सुमारास चरबी नितंब-मांड्यांकडून पोटाकडे वळते, वजन फारसं न बदलताही.

हा फरक दिसण्यापुरता नाही. जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. स्नायू कमी, म्हणजे साखर ठेवायला जागा कमी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साचलेल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. यकृत चरबीनं भरतं, इन्सुलिनला जुमानेनासं होतं. सडपातळ माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघतं आणि घरचे मशीनवर संशय घेतात. मशीनचं काही चुकलेलं नसतं.

मग बीएमआय आला कुठून? त्याचा जन्म रुग्ण तपासण्यासाठी झालेलाच नाही. १८३०च्या दशकात बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले ‘सरासरी माणूस’ शोधत होते. वजनाला उंचीच्या वर्गानं भागण्याचं सूत्र त्यांचं. १९७२ साली अमेरिकेतले अॅन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं, तेही पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं पाहून. त्यात भारत नव्हता. बाई एकही नव्हती. हे सूत्र समूहांच्या अभ्यासाला सोयीचं आहे असं कीज यांचं म्हणणं होतं. ते एकेका माणसाच्या रिपोर्टवर शिक्का म्हणून उमटू लागलं ते नंतर, सोय म्हणून.

बीएमआयचे समर्थक इथे लाखो माणसांचे अभ्यास पुढे करतात. बीएमआय फार चढला की मधुमेह, हृदयविकार, मृत्यू वाढतात, हे त्यांत स्पष्ट दिसतं. खरंच दिसतं, आणि ते कुणी नाकारू नये. १२० किलोच्या माणसाला शरीररचनेचं सूक्ष्म गणित सांगून धीर देणं हा अपराध होईल. पण प्रश्न टोकाच्या माणसांचा नाही. प्रश्न २१ ते २५च्या मधल्या गर्दीचा आहे, आणि आपल्याकडची पुष्कळ माणसं तिथेच उभी आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात ५२ देशांतल्या २७ हजार जणांची मापं होती. हृदयविकाराचा झटका कुणाला येतो याचा अंदाज बांधण्यात कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तरानं बीएमआयला सरळ मागे टाकलं. भारतात आयसीएमआरनं केलेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत बीएमआयनं मोजलेली स्थूलता २८.६ टक्के होती आणि पोटाची स्थूलता ३९.५ टक्के. म्हणजे दर शंभरात किमान दहा-अकरा माणसं अशी, ज्यांना काटा सोडून देतो आणि टेप पकडतो. त्याच पाहणीनं देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींवर नेऊन ठेवली.

शिवाय रिपोर्टवरची २४.९ ही मर्यादाही आपली नाही. २००४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं आशियाई लोकांसाठी २३पासून सावध व्हा असं सांगितलं. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी २३ला जादा वजन आणि २५ला स्थूलता मानली. सोबत कमरेची मर्यादा दिली, पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. इतकी वर्षं उलटून गेली तरी छापील फॉर्मवर २४.९ आहेच. २०२५च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ समूहाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानंही सांगितलं की नुसत्या बीएमआयवर स्थूलतेचं निदान करू नका, कंबर मोजा किंवा चरबी मोजा.

सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद खर्चाचा. काटा सगळीकडे आहे, शरीररचना मोजायला डेक्सा स्कॅन लागतो, तो काही प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतो. म्हणून गरिबाला काटाच बरा. ऐकायला हा युक्तिवाद कळकळीचा वाटतो, पण त्यात तथ्य नाही. शिंप्याकडचा टेप काट्यापेक्षा स्वस्त असतो, आणि सरकारनं तो आधीच निवडलेला आहे. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात गुण देण्यासाठी वय, तंबाखू, दारू, हालचाल, घरातला मधुमेह-रक्तदाब विचारतात आणि कंबर मोजतात. त्या गुणांत वजनाला जागाच नाही. अंगणवाडीतही हेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की बाळ तीव्र कुपोषित. दंडाचा घेर म्हणजे स्नायू आणि चरबी यांचंच माप. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतल्या बाळासाठी जे माप विश्वासाचं मानलं जातं, जे आशाताई दारोदार फिरून घेऊ शकतात, ते कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कारखान्याच्या तपासणी खोलीत ‘परवडत नाही’, हे कुणी पटवून घ्यावं?

आता दुसऱ्या बाजूची समजूत. वजन घटलं म्हणजे चरबीच घटली, असं धरून चाललेला एक प्रचंड बाजार आपल्याभोवती उभा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीपटू विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम फेरीतून बाद झाली, हे साऱ्या देशानं पाहिलं. आदल्या रात्रभर ती घाम गाळत होती. एका रात्रीत पैलवान जे वजन उतरवतात ते पाणी असतं. चरबी इतक्या घाईनं जात नाही. ‘दहा दिवसांत पाच किलो’च्या जाहिरातीतलं वजनही मुख्यतः पाण्याचंच, आणि उपासमारीचा आहार लांबला तर स्नायूंचं. महिन्याभरानं खाणं पूर्ववत होतं, चरबी परत येते, गेलेले स्नायू व्यायामाशिवाय येत नाहीत. असं तीनदा-चारदा केलेली बाई आधीच्याच वजनावर उभी असते, पण आधीपेक्षा अशक्त शरीर घेऊन.

२०२५पासून भारतात मिळू लागलेल्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांनी हा प्रश्न अधिक तातडीचा केला आहे. ही औषधं प्रभावी आहेत, गरजूला वरदान आहेत. पण त्यांतल्या सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत काही जणांचे डेक्सा स्कॅन काढले, तेव्हा घटलेल्या वजनापैकी जवळपास ४० टक्के भाग चरबीखेरीजचा निघाला. टिरझेपटाइडच्या चाचणीत साधारण पाव. मुळात स्थूल असलेल्या गोऱ्या माणसाला हा तोटा झेपत असेल. जन्मापासूनच स्नायूंत तूट असलेल्या मराठी माणसाला तो किती झेपेल? लग्नाआधी पाच-सात किलो उतरवायला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय इंजेक्शन मागणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न कुणीतरी ठामपणे विचारायला हवा. इंजेक्शनसोबत पुरेशी प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम नसेल, तर काट्यावरचा आनंद शरीराला महागात पडतो.

काटा जसा दोषी माणसाला सोडतो, तसा निर्दोष माणसाला पकडतोही. रायगडच्या गावागावांत कबड्डी खेळली जाते. पाच फूट सात इंचांचा, ८० किलोचा कोपरारक्षक घ्या. त्याचा बीएमआय २७.६, भारतीय निकषावर सरळ ‘स्थूल’. त्याची कंबर मोजा, मग बोला. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानांचं किंवा गोदामात पन्नास किलोची पोती उचलणाऱ्या हमालाचंही तेच.

पण इथे सावध राहायला हवं, कारण याच मुद्द्याची ढाल करून ‘माझी हाडंच जड आहेत’ म्हणणारे पुष्कळ. जपानी संशोधकांनी सुमो पैलवानांचे सीटी स्कॅन केले तेव्हा सरावात असलेल्यांची चरबी बहुतेक त्वचेखाली सापडली, पोटात थोडी. ती सूट रोजच्या तासन्‌तास मेहनतीची होती. खेळ सोडलेल्या, खुराक न सोडलेल्या माणसाला ती मिळत नाही. गावोगावचे निवृत्त पैलवान आणि त्यांचा मधुमेह हे याचं उदाहरण आहे. शरीररचना महत्त्वाची मानणं म्हणजे चरबीला माफी देणं नव्हे. उलट, बारीक माणसालाही आता सबब उरत नाही.

आणखी एक खबरदारी. तळोज्याच्या फेज वनपासून खारघरपर्यंत जिममध्ये आता ‘बॉडी कॉम्पोझिशन’ सांगणारी यंत्रं आली आहेत. शरीरातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून ती चरबीचा अंदाज बांधतात. सकाळी उपाशीपोटी एक आकडा, पाणी प्यायल्यावर दुसरा, व्यायामानंतर तिसरा. शिवाय त्यांच्यातली समीकरणं अनेकदा वेगळ्याच लोकसमूहांवर बेतलेली असतात. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, महिन्या-दोन महिन्यांनी कल पाहण्यापुरती ती ठीक. त्या छापील पट्टीवरून प्रोटीन पावडरचा डबा विकला जाऊ लागला, तर उठून यावं.

टेपला असं काही विकायचं नसतं. बेंबीच्या जवळपास, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजायचं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा नियम ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०२२मध्ये स्वीकारला. पाच फूट सहा इंचांच्या माणसाला ३३ इंच. आणि टेपसोबत ताकदही मोजावी. ‘प्युअर’ या १७ देशांतल्या, भारतासह सुमारे १ लाख ४० हजार जणांच्या अभ्यासात हाताची पकड ५ किलोनं कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकड अधिक बोलकी ठरली. पकड मोजण्याचं यंत्र लहान असतं, वर्षानुवर्षं टिकतं. तेही नसेल तर हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं हे तर कुठल्याही खोलीत पाहता येतं.

तळोज्यातल्या तपासणीच्या कागदावर कंबर आणि पकड असे दोन रकाने वाढवायला कुठलाही नवा कायदा लागत नाही, कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं ठरवलं तरी पुरे. मात्र पटावर असलेल्या कामगारांपुरतं ते थांबता कामा नये. ठेकेदाराकडून आलेले, वर्षभरात तीन कारखाने बदलणारे हेल्पर आणि मासळीच्या प्रक्रिया केंद्रांत दिवसभर थंडीत उभं राहून कोळंबी सोलणाऱ्या बायका यांच्यातल्या पुष्कळांची जन्मवजनं त्या पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांसारखीच असणार. त्यांना आज बहुधा काट्यावरही कुणी उभं करत नाही, आणि केलं तर ‘अंगानं बारीक आहे, काही नाही’ म्हणून परत पाठवतात. टेपची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.